कागदी, कातारी आणि सीएनसी लेथ

जुन्नरचे नाव निघाले की लोक शिवनेरीकडे बोट दाखवतात, नाणेघाटातला दगडी रांजण सांगतात, लेण्याद्री सांगतात. फार तर एखादा जाणकार आठवण करून देतो की, १४९० साली मलिक अहमदने निजामशाहीची सुरुवात याच गावातून केली आणि राजधानी मागाहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला नेली. जुन्नरच्या कागदाची आठवण मात्र आता दप्तरखान्यात जुनी रुमाले सोडणाऱ्या अभ्यासकांपुरतीच उरली आहे. पेशवाईतल्या कागदपत्रांत, सावकारांच्या चोपड्यांत जो जाड, घोटीव, किंचित पिवळसर कागद हाताला लागतो, त्यातला बराच जुन्नरी असे. तो बनवणारे कागदी हे मुसलमान होते.

लेख लेथबद्दल आहे आणि सुरुवात कागदाने केली आहे, याचे कारण पुढे येईलच. आधी हा कागद कसा होत असे ते पाहू. तागाची जुनी गोणपाटे आणि दोरखंडे तुकडे करून भिजवायची, चुन्यात मुरवायची, पायाने चालणाऱ्या जड ढेकीखाली कुटायची, कुकडीच्या पाण्यात धुवायची आणि पुन्हा कुटायची. तो लगदा हौदात कालवून कागदी हौदाच्या काठावर बसे आणि बारीक काड्यांची चटई ताणलेला साचा पाण्यात बुडवून हलक्या हाताने वर उचले. सगळी कला त्या उचलण्यात. साचा किती तिरका धरायचा, किती वेळा हलवायचा, लगदा किती पातळ ठेवायचा, हे कुठेही लिहिलेले नव्हते. ओले ताव दाबून पाणी काढायचे, गिलावा केलेल्या भिंतीवर चिकटवून सुकवायचे, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरने या धंद्याची नोंद घेतली, तोवर त्याची उतरण सुरू झाली होती. त्याच दशकात पुण्याजवळ मुंढव्याला डेक्कन पेपर मिल उभी राहिली. गिरणीचा कागद स्वस्त होता, एकसारखा होता आणि हवा तेवढा मिळत होता. कागद्यांच्या हातात काही उणे नव्हते. पण त्यांचे सगळे ज्ञान हातातच होते आणि हात पोराला सोडून दुसऱ्याला देता येत नाही.

१९४० साली पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. ग्रामोद्योगाच्या चळवळीत के. बी. जोशी यांनी कागद बनवण्यावर प्रयोग केले, पुस्तक लिहिले. वजने, मापे, तापमान, वेळ असे सगळे कागदावर आले. जी विद्या काही शतके घराण्यांत फिरत होती, ती पहिल्यांदा कोणालाही वाचून शिकता येईल अशी झाली. तोवर जुन्नरचे बहुतेक हौद थंडावले होते. कागद बनवणाऱ्यांची विद्याच कागदावर उतरली नव्हती, ही गोष्ट मला फार बोचते.

आता लेथ. लाकूड किंवा धातू फिरता ठेवून त्याला हत्यार लावायचे आणि गोल आकार काढायचा, हे काम माणूस दोन हजारांहून अधिक वर्षे करतो आहे. आपल्याकडे हे काम करणारा तो कातारी. पाळण्याचे खांब, लाटणी, पोळपाटाचे पाय, भोवरे, सगळे त्याच्याकडचे. हिंदी-उर्दूत त्यालाच खरादी म्हणतात आणि त्या शब्दाचे नाते कातारकाम करणाऱ्याला अरबीत जो खर्रात शब्द आहे त्याच्याशी आहे. कातारी एका हाताने दोरी किंवा धनुकली ओढी, दुसऱ्या हाताने पटाशी धरी आणि बऱ्याचदा पायाच्या अंगठ्याने तिला टेकू देई. इथेही विद्या हातातच.

हे बदलायला सुरुवात झाली लंडनमध्ये, १८०० च्या आसपास. हेन्री मॉडस्ले या लोहाराच्या हाताखाली वाढलेल्या कारागिराने लेथवर हत्यार पकडायला माणसाच्या मुठीऐवजी लोखंडी सरकता घोडा बसवला आणि तो घोडा एका अचूक आट्याच्या दांड्याने पुढे सरकवला. दांडा आणि चक दात्यांनी जोडलेले. चक एक फेरा फिरला की हत्यार ठरलेलेच अंतर पुढे जाणार, न कमी न जास्त. त्यामुळे एकसारखे स्क्रू निघू लागले. आज आपण बाजारातून नट आणतो आणि तो दुसऱ्या दुकानातून आणलेल्या बोल्टवर बसतो, याचे आश्चर्य कोणालाच वाटत नाही. त्या काळी बोल्ट आपल्याच जोडीदार नटाला ओळखत असे, परक्याला नाही. मॉडस्लेने कारागिराची मूठ सोडवली, पण डोके आणि डोळे तिथेच राहिले. किती खोल कापायचे, केव्हा थांबायचे, हे टर्नरच ठरवी. आमच्या पिढीने पाहिलेला टर्नर हाच होता. कानाने कापण्याचा आवाज ऐकणारा, सुटणाऱ्या चिपचा रंग बघणारा आणि शेवटचा कट घेताना श्वास रोखून चाक फिरवणारा.

डोके आणि डोळे सोडवायला आणखी दीडशे वर्षे लागली, आणि ते काम कागदाने केले. कागदाला भोके पाडून यंत्राला हुकूम द्यायची कल्पना विणकरांची. १७२५ साली फ्रान्समध्ये बाझील बुशों याने रेशमाच्या मागावर भोके पाडलेली कागदी पट्टी लावली. पुढे १८०४ च्या सुमारास जाकारने पुठ्ठ्यांच्या माळेने मागावर नक्षी विणून दाखवली. भोक असेल तर हा धागा उचल, नसेल तर राहू दे. विणकराला नक्षी पाठ असण्याची गरज संपली. नक्षी पुठ्ठ्यात होती.

धातूकामात ही कल्पना आणणारा जॉन पार्सन्स. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात त्याच्या वडिलांचा कारखाना होता, महाविद्यालयाची पदवी त्याच्याकडे नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर तो हेलिकॉप्टरची पाती बनवत होता. पात्याच्या वळणदार कडेचा नमुना काढायचा तर वळणावरचे पुष्कळ बिंदू नेमके हवेत. त्याने हे बिंदू हिशेबाच्या पंचकार्ड यंत्रावर काढून घेतले. मग यंत्रावर माणसे उभी केली. एक आकडे मोठ्याने वाचणार, दुसरा एका दिशेचे चाक तेवढे फिरवणार, तिसरा दुसऱ्या दिशेचे. आपल्याकडे दुकानात एक जण यादी वाचतो आणि दुसरा माल काढतो, त्याच चालीचे हे काम. मग पार्सन्सच्या मनात प्रश्न आला की, आकडे यंत्रालाच का वाचू देऊ नयेत? १९४९ मध्ये त्याला अमेरिकन हवाई दलाचे कंत्राट मिळाले, एमआयटी या विद्यापीठातली प्रयोगशाळा कामात आली आणि १९५२ मध्ये कागदी पट्टीवरची भोके वाचून धातू कापणारे मिलिंग यंत्र लोकांना दाखवण्यात आले. लेथवर ही युक्ती यायला वेळ लागला नाही.

ती पट्टी एक इंच रुंद असे. आडव्या ओळीत आठ भोकांची जागा, एक ओळ म्हणजे एक अक्षर किंवा एक अंक. प्रत्येक ओळीतली भोके मोजून यंत्र स्वतःच चूक पकडी. भोकांची संख्या ठरल्याप्रमाणे सम किंवा विषम नसेल तर यंत्र थांबे. जुन्नरच्या कागद्याने साच्यावर उचललेला ताव आणि ही पट्टी, दोन्ही कागदच. एकावर राजाचे हुकूम लिहिले गेले, दुसऱ्यावर यंत्राचे.

इथे आपल्या सभासंमेलनांतली एक सवय सांगून टाकतो. असा विषय निघाला की कोणीतरी उठून म्हणतो, अल्गोरिदम हा शब्दच अल्-ख्वारिज्मीच्या नावावरून आला आहे, आणि टाळ्या पडतात. गोष्ट खरी आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा या तीन भावांनी खुंट्या लावलेल्या फिरत्या नळकांड्यावर आपोआप वाजणारे वाद्य लिहून ठेवले, हेही खरे. खुंट्यांच्या जागा बदलल्या की सूर बदलणार, म्हणजे तोही एक प्रोग्रॅमच. पण मला या सगळ्यांत जवळचा वाटतो तो अल्-जझरी. दियारबकरच्या अर्तुकी अमिराच्या पदरी असलेल्या या यंत्रकाराने १२०६ साली आपल्या यंत्रांचे पुस्तक पुरे केले. पाणघड्याळे, पाणी उपसण्याची साधने, हात धुवायला पाणी ओतणारी बाहुली. त्याचे मोठेपण यंत्रांच्या गमतीत नाही. प्रत्येक भागाचे माप, आकृती, तो ओतायचा कसा, घासायचा कसा, बसवायचा कसा, हे त्याने अशा रीतीने लिहिले की दुसऱ्या कारागिराला ते यंत्र पुन्हा करता यावे. आपली विद्या दुसऱ्याच्या हाती जावी, अशी इच्छा असलेला हा उस्ताद होता. टाळ्या वाजवायच्याच असतील तर त्याच्यासाठी वाजवाव्यात.

भोकांच्या पट्टीची दुसरी बाजूही आहे, आणि ती कारखान्यातल्या माणसाच्या पोटाशी येते. डेव्हिड नोबल या अमेरिकन इतिहासकाराने १९८४ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, त्या काळी यंत्र आपोआप चालवण्याचा आणखी एक मार्ग उपलब्ध होता. कसबी टर्नरने एकदा हाताने नग बनवायचा, त्याच्या हालचाली यंत्राने चुंबकीय फितीवर टिपून घ्यायच्या आणि मग त्याच हालचाली पुन्हा पुन्हा करायच्या. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने असे यंत्र १९४० च्या दशकाच्या शेवटी केलेही होते. त्या पद्धतीत प्रोग्रॅम टर्नरच्याच हातून निघत होता. मालकांनी आणि हवाई दलाने पसंत केला तो आकड्यांचा मार्ग, कारण त्यात प्रोग्रॅम कचेरीत लिहिला जाणार होता आणि यंत्रापाशी फक्त बटण दाबणारा लागणार होता. नोबलचे सगळे म्हणणे मान्य करण्याची गरज नाही. हेलिकॉप्टरच्या पात्यासारखा अवघड आकार कोणाच्याही हाताने आधी काढून दाखवता आला नसता, हा मुद्दा उरतोच. पण लिहिणारा एकीकडे आणि चालवणारा दुसरीकडे ही फाळणी पहिल्या दिवसापासून या यंत्रात आहे, एवढे त्याने पक्के केले.

महाराष्ट्राच्या लेथचा इतिहास मोठा आहे, तो इथे धावताच सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर काढले. किर्लोस्करांनीच १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर काढून तिथे लेथ बनवायला घेतले. गावोगावच्या वर्कशॉपात ते पन्नास-पन्नास वर्षे फिरले. १९५३ मध्ये बंगळूरला सरकारी एचएमटी आली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपण ज्याला नुसते एमआयडीसी म्हणतो ते स्थापन झाले. १९६० च्या दशकातच टेल्कोने पिंपरीला पाय रोवले आणि पुण्याच्या कारखान्यात सुरुवातीपासून यंत्रांवर आणि उमेदवारांच्या शिक्षणावर भर दिला. तिकडे जगात कागदी पट्टी मागे पडली. यंत्रालाच छोटा संगणक बसला, पट्टीऐवजी पडदा आणि कळफलक आला, आणि एनसीचे सीएनसी झाले. १९७२ मध्ये फानुक ही जपानी कंपनी फुजित्सूपासून वेगळी झाली. तिचे पिवळे नियंत्रक आज भोसरी-चाकणच्या शेडमध्ये पावलोपावली दिसतात. १९९१ नंतर आयात सैल झाली, बंगळूर आणि राजकोटचे भारतीय सीएनसी लेथ स्वस्त झाले, आणि जे यंत्र मोठ्या कंपन्यांपुरते होते ते दहा कामगारांच्या शेडमध्येही आले.

आंबेगाव-जुन्नरच्या माणसांना पोटासाठी घाट उतरणे नवे नाही. पूर्वीचा रस्ता मुंबईचा होता. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू हा गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या ट्रकखाली त्याने जीव दिला. त्याचे नाव आज डिंभे धरणाच्या जलाशयाला आहे, आणि ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते जुने गाव त्याच पाण्याखाली गेले आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा रस्ता बंद झाला. मग मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नरची मुले पुणे-नाशिक रस्त्याने दक्षिणेकडे वळली. खेड ओलांडले की चाकण. तिथे बजाजचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज २००९ मध्ये आल्या, महिंद्रा २०१० मध्ये. एका मोटारीमागे तिला नग पुरवणाऱ्या कितीतरी शेड उभ्या राहतात, आणि त्या शेडमध्ये सीएनसी लेथ. आज मंचरच्या मोहल्ल्यातला मुलगा सकाळी डबा घेऊन निघतो तो या लेथवर उभा राहायला.

त्याला तिथे नक्की काय शिकावे लागते? बाहेरून पाहणाऱ्याला दार बंद केलेली मोठी पेटी दिसते. आत कुलंटचा पांढरा फवारा आणि चकजवळ फिरणारे हत्यारांचे चक्र, ज्याला टरेट म्हणतात. शिकणाऱ्याची पहिली यत्ता प्रोग्रॅम नसून पकड ही आहे. नग धरणारे जबडे नगाच्या व्यासाला बोअर करून घ्यायचे, नाहीतर नग डुलतो. मग प्रत्येक हत्याराची ओळख यंत्राला करून द्यायची. हत्याराने नगाचे तोंड हलकेच घासून घ्यायचे आणि सांगायचे, हे तुझे शून्य. बाहेरून एक हलका कट घ्यायचा, यंत्र थांबवून मायक्रोमीटरने व्यास मोजायचा, समजा ४८.३६ मिलिमीटर भरला, आणि तो आकडा ऑफसेटच्या पानावर भरायचा. इथून पुढे यंत्राला प्रत्येक हत्याराचे टोक कुठे आहे ते कळते.

लेथला दोनच दिशा. नगाच्या लांबीची ती झेड आणि व्यासाची ती एक्स. चकच्या दिशेने गेले की झेड उणे. एक्समध्ये त्रिज्या लिहायची नसते, व्यासच लिहायचा असतो. समजा ५० मिलिमीटरची सळई ३० मिलिमीटर लांबीपर्यंत ४० ला आणायची आहे. आधीचे जाड कट होऊन शेवटचा कट उरला आहे. तो असा लिहितात :

जी ५० एस २५००
जी ९६ एस १५० एम ०३
जी ०० एक्स ४०.० झेड २.०
जी ०१ झेड -३०.० एफ ०.२
जी ०० एक्स ५४.० झेड ५.०

यात इंग्रजी येण्याची काही गरज नाही. जी ०० म्हणजे कापू नकोस, झपकन जा. जी ०१ म्हणजे सरळ रेषेत कापत जा. एफ ०.२ म्हणजे चकच्या एका फेऱ्याला हत्याराने ०.२ मिलिमीटर सरकायचे. एम ०३ ने चक फिरतो. गंमत आहे ती पहिल्या दोन ओळींत. जी ९६ सांगतो की, नगाचा पृष्ठभाग हत्याराखालून मिनिटाला १५० मीटर वेगाने गेला पाहिजे. व्यास ५० असेल तर त्यासाठी मिनिटाला साधारण ९५५ फेरे लागतात, व्यास १० झाला तर ४,७७५. आणि नगाचे तोंड घासताना हत्यार मधोमध पोहोचले, व्यास शून्य झाला, तर? हिशेबाने फेरे अमर्याद व्हायला हवेत. यंत्र बिचारे आज्ञाधारक, ते वेग वाढवतच जाणार आणि जबड्यांतून नग सुटून दारावर आदळू शकतो. म्हणून आधीच लगाम घालायचा : जी ५० एस २५००, काही झाले तरी अडीच हजारांच्या वर जाऊ नकोस. जुन्या टर्नरला हे कळत होते, तो कानाने ओळखून पट्टा बदलत असे. आता ते लिहावे लागते. जे कळते ते लिहिता येणे, एवढाच जुन्या आणि नव्या टर्नरमधला फरक आहे. आणि तो फार मोठा आहे.

त्या ओळींतली टिंबे पाहा. ४०.० असे टिंब देऊन लिहिले तर चाळीस मिलिमीटर. नियंत्रकाची मांडणी जुन्या पद्धतीची असेल आणि टिंब विसरले, नुसते ४० लिहिले, तर यंत्र त्याचा अर्थ चाळीस मायक्रॉन असा घेते, म्हणजे मिलिमीटरचा पंचविसावा भाग. हत्यार चाळीसच्या व्यासावर थांबण्याऐवजी पूर्ण वेगाने नगाच्या मध्यावर धावते. बोट मोडत नाही, दार बंद असते. पण हत्यार जाते, कधी टरेट हलते, आणि महिन्याभराचा पगार कापला जाण्याची धमकी मिळते. आपल्या घरांत नुक्त्याचे महत्त्व कोणाला सांगावे लागत नाही. एक नुक्ता खाली सरकला की खुदाचा जुदा होतो, हे उर्दू गिरवणाऱ्या प्रत्येक मुलाने ऐकलेले असते. या यंत्रापुढे ती शिकवण जशीच्या तशी उपयोगाला येते.

उर्दू शाळेतून आलेल्या मुलाची अडचण वेगळीच आहे आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही. त्याने भूमिती शिकलेली असते दायरा, कुतर, निस्फ कुतर, जाविया, मुमास या शब्दांत. आयटीआयच्या मराठी पुस्तकात तेच वर्तुळ, व्यास, त्रिज्या, कोन, स्पर्शिका होऊन येतात. शेडमध्ये सेटर म्हणतो सर्कल, डाया, रेडियस, अँगल, टँजंट. मुलाला गणित येत असते, नाव येत नाही, आणि तो गप्प बसतो. मग शेरा मिळतो की याला गणित जमत नाही. पानभर तक्ता केला, एका ओळीत तिन्ही भाषांचे शब्द लिहिले, तर हा घोटाळा आठ दिवसांत मिटावा. असा तक्ता आपल्या एखाद्या संस्थेने छापला, तर दहा व्याख्यानांपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल, असे माझे मत आहे.

चाकणकडे दोन वर्षे कामाला जाणाऱ्या एका मुलाला मी विचारले, प्रोग्रॅम लिहायला शिकलास का? तो म्हणाला, "नई चाचा. चावी सेटर के पास रहती." मला वाटले, हा लाक्षणिक बोलतो आहे. पण चावी खरीच असते. नियंत्रकाच्या पॅनेलवर छोटे कुलूप असते. चावी फिरवलेली नसेल तर प्रोग्रॅम पडद्यावर दिसतो, पण त्यातले एक अक्षरही बदलता येत नाही. कारखान्याच्या दृष्टीने हे योग्य आहे, कोणी चुकून टिंब पुसू नये. पण दोन वर्षे चावीच्या या बाजूला उभा राहिलेला मुलगा काय काम करतो? दार उघडायचे, नग काढायचा, नवा लावायचा, दार लावायचे, हिरवे बटण दाबायचे. दर काही नगांनी माप घ्यायचे. तो ठेकेदाराच्या हजेरीवर असतो, आणि हेच काम करणारा यंत्रहात त्याच शेडच्या दुसऱ्या टोकाला बसवलेला त्याने पाहिलेला असतो. सेटरचा पगार त्याच्यापेक्षा बराच जास्त आणि सेटरला शेड बदलता येते. नोबलने अमेरिकेबद्दल लिहिलेली फाळणी या एका चावीत मावते.

२००६ च्या नोव्हेंबरमध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. मुसलमान नियमित पगाराच्या नोकरीत कमी आणि स्वतःच्या हातकामावर जगणाऱ्यांत जास्त आहेत, हे त्याने आकड्यांनी मांडले. आयटीआयचे दार मदरशात शिकलेल्या मुलांनाही उघडावे, अशी सूचनाही त्यात होती. महाराष्ट्रापुरता अभ्यास करणाऱ्या महमूदूर रहमान समितीने २०१३ मध्ये आपला अहवाल दिला. या अहवालांवर आपल्याकडे पुष्कळ परिसंवाद झाले. कारागिरीचा समाज ही आपली ओळख आपण तिथे अभिमानाने सांगितली. पण कारागिरी हातातून लिपीत गेली आहे आणि ती लिपी कोणाला वाचता येते, हा प्रश्न त्या परिसंवादांत क्वचितच ऐकू आला. टर्नरचा आयटीआयतला अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, आणि आता त्यात सीएनसीही आहे. प्रवेश घेऊन, सहा महिन्यांत चाकणला पगार मिळतो म्हणून सोडून जाणारी मुले मी पाहतो. घरची ओढ असते, त्यांना दोष देणे सोपे आहे. पण तो उरलेला दीड वर्षाचा काळच त्याला चावीच्या पलीकडे नेणारा होता, हे त्याच्या अब्बांना कोणी सांगितलेले नसते.

मुलींचाही विचार व्हायला हवा. जुन्या लेथवर अवजड चक चढवायला दंड लागत, म्हणून ते काम पुरुषांचे मानले गेले. प्रोग्रॅम लिहायला, हत्याराची मापे भरायला, मायक्रोमीटर वाचायला दंड लागत नाहीत. पुण्याच्या कारखान्यांत मुली ही कामे करू लागल्या आहेत. आपल्या मोहल्ल्यांतून बारावी शास्त्र होऊन घरी बसलेल्या मुलींची गणिते अनेक सेटरांपेक्षा पक्की असतात.

आता तर चित्रावरून प्रोग्रॅम आपोआप बनवणारे सॉफ्टवेअर आले आहे. त्यामुळे हे शिकण्याची गरज संपली, असे काही जण म्हणतात. ते सॉफ्टवेअर ओळी लिहून देते, हे खरे. पण नग चाळीसऐवजी ४०.०४ निघाला तर हत्याराच्या ऑफसेटमध्ये उणे ०.०४ भरायचे की हत्याराची घासलेली चकतीच बदलायची, हे यंत्रापाशी उभ्या असलेल्यालाच ठरवावे लागते, आणि ओळी वाचता येत नसतील तर तो ठरवू शकत नाही.

त्या मुलाला मी एवढेच विचारले होते की, कुलूप असले तरी पडदा दिसतो ना? यंदा रमजानमध्ये तो भेटला तेव्हा त्याच्याकडे दोनशे पानी वही होती. नग कापला जात असतानाच्या दीड-दोन मिनिटांत पडद्यावरून एक-दोन ओळी उतरवायच्या आणि हत्यार कुठे हलते ते काचेतून पाहून समोर लिहायचे, असे त्याने चालवले होते. डाव्या बाजूला कोड आणि उजव्या बाजूला उर्दूत अर्थ. जी ०२ आणि जी ०३ समोर त्याने शब्द न लिहिता दोन बाण काढले होते, एक घड्याळाच्या दिशेने आणि एक उलट. जी ७६ समोरची जागा रिकामी होती. ते आटे पाडण्याचे चक्र आहे आणि त्याच्या ओळीत इतकी अक्षरे असतात की भल्याभल्यांना पुस्तक उघडावे लागते. "ये समझा नई अब तक," तो म्हणाला, आणि मॉडस्लेच्या दांड्याची गोष्ट मी तिथून त्याला सांगायला घेतली.